ओडवारची सरपणाची रास आणि अमर्याद जागा

ओडवार आणि मी एकतीस वर्षं एकाच खाणीत दगड फोडले. तो काम अर्धवट सोडत नाही. हाच त्याचा गुण आणि हीच त्याची कटकट.

आमच्याकडे पेट्रोलपंपावर एक मग विकत घेतला की वर्षभर हवी तितकी कॉफी मिळते. ओडवारने पहिल्याच दिवशी मग भरभरून चार लिटरच्या थर्मासात ओतला. पंपवाली ओरडली, "अहो, हवी तितकी म्हणजे एका माणसाला हवी तितकी!"

"खाणीत आम्ही आठ जण आहोत," ओडवार म्हणाला आणि ओतत राहिला.

गेल्या वर्षी गावच्या सरपण रचायच्या स्पर्धेत त्याची रास पहिली आली. नियम असा, की ऑक्टोबरात रचलेल्या राशीला ईस्टरपर्यंत मालकाने हात लावायचा नाही. शेजारचा स्वैनुंग बोंबलला, "फेब्रुवारीत ढासळली होती, यानं गुपचूप रचली!" रचली नाही, याचा पुरावा ओडवारकडे नव्हता. बक्षीस परत गेलं.

म्हणून यंदा ओडवारने राशीसमोर कॅमेरा लावला. दर मिनिटाला एक फोटो, थेट त्याच्या वेबसाइटवर. साइटसाठी भाड्याने घेतलेल्या जागेच्या जाहिरातीत 'अमर्याद' असं लिहिलं होतं.

निकालाच्या दोन दिवस आधी साइट बंद पडली. पुरावा आत, ओडवार बाहेर. त्याने कंपनीला फोन लावला. मी शेजारी बसलो.

"बाई, अमर्याद म्हणाला होतात ना?"

"जागा अमर्यादच आहे. फायली मात्र अडीच लाखांपर्यंत. अटींमध्ये आहे, पान अकरा."

"मग अमर्याद ते काय?"

"लोक बेकरीची साइट काढतात हो. चाळीस फोटो आणि पत्ता. त्यांना पुरून उरतं. सगळेच तुमच्यासारखे वागले तर आमची यंत्रं बसतील. एवढं साठवलंय तरी काय?"

"सरपण."

"हलतं का ते?"

"हलत नाही, हेच तर दाखवायचंय."

मी म्हटलं, "लेका, पंपावरचा थर्मास आठव."

त्याला आठवला. "बाई, फाइल एकच, पण थोरली, चालेल?"

"चालेल. उद्या संध्याकाळपर्यंत साइट उघडते. तेवढ्यात काय ते करा."

आम्ही सगळे फोटो जोडून एकच फिल्म केली. पावणेतीन तासांची. जेवायलाही उठलो नाही.

निकालाच्या दिवशी अख्खं गाव सभागृहात वॉफल खात फिल्म बघायला बसलं. आमचा उत्तरेकडचा हिवाळा, त्यामुळे निम्म्याहून जास्त काळोखच. कोणी उठलं नाही. एक चिमणी राशीवर बसली तेव्हा टाळ्या पडल्या.

फेब्रुवारी आला. एक ओंडका घसरून बर्फात पडला. स्वैनुंग उभा राहून ओरडला, "बघा!" पुढच्या क्षणी पडद्यावरही स्वैनुंगच होता, हातात ओंडका घेऊन. मग ओंडका जागेवर, स्वैनुंग गायब.

परीक्षक राग्नफ्रिद बाईंनी फिल्म थांबवली. "तिथं काय करत होतास रे?"

"चोरून बघायला गेलो होतो," स्वैनुंग पुटपुटला. "समोर पडला. मला बघवेना."

बाईंनी नियम दोनदा वाचला. "मालकानं हात लावायचा नाही, एवढंच आहे. प्रतिस्पर्ध्याबद्दल काही नाही. पहिला नंबर ओडवार."

ओडवार उठला, स्वैनुंगपाशी गेला. मला वाटलं, आता आभार मानेल.

"ओंडका साल खाली करून ठेवलास," तो म्हणाला. "माझ्या राशीत साल वर असते."