आंबा, बांध आणि माझा डावा हात

माझं बालपण बोंडअळी आणि मावा यांच्या मधोमध गेलं. बाबा कृषी खात्यात होते. शेतकऱ्यांना पडद्यावर किडी दाखवायच्या म्हणून त्यांना सरकारी कॅमेरा आणि रंगीत स्लाइडची फिल्म मिळे. किडी संपून एखादा फोटो उरला, की आमची वर्णी लागे. त्यामुळे बाबांच्या स्लाइडच्या डब्यात आधी पोखरलेलं बोंड, मग मी, मग मावा पडलेली करडई असा क्रम आहे. (आम्हा तिघांत मावा सगळ्यांत स्पष्ट आलाय.)

गेल्या उन्हाळ्यात या डब्याला एकदम भाव आला. रेणापूरजवळच्या आमच्या रानात, आमच्या आणि काकांच्या वाटणीच्या मध्ये एक गावरान आंबा आहे. मधला बांध दोन्ही घरांनी थोडा थोडा नांगरून केव्हाच संपवला (यात आमचं घर मागं नव्हतं). आता आंबा कुणाचा? काका म्हणत त्यांचा, मी म्हणे आमचा. तेव्हा मला आठवलं, लहानपणी त्याच बांधावर भाकरी खात बसलेला माझा फोटो डब्यात आहे! बुटाला माती लागू नये म्हणून बाबा रस्त्यावरूनच फोटो काढत, आणि रस्त्यावरून पाहिलं की डावीकडे आमचं रान, उजवीकडे काकांचं. मी काकांना लातूरला घरी बोलावलं आणि चहा यायच्या आतच जाहीर केलं, की स्लाइड जे दाखवील ते मला मान्य.

माळ्यावरून प्रोजेक्टर काढला, भिंतीला चादर लावली. आई आणि बायको कॉटवर बसल्या. बऱ्याच अळ्यांनंतर मी आलो. अंगावर करगोट्याशिवाय काही नाही, हातात भाकरी, आणि आंबा बांधाच्या डावीकडे, आमच्या रानात! मी काकांना चहा घ्यायचा आग्रह सुरू केला. जिंकलेल्या माणसाला असा आग्रह छान जमतो.

काका मात्र चादरीकडं बघत राहिले.

"सुध्या, तू डाव्या हातानं खायलास की रं."

मग ते सावकाश उठले, स्लाइड काढली, फिरवून पाठीची बाजू पुढं केली आणि परत घातली. आंबा उडी मारून उजवीकडं गेला आणि मी उजव्या हातानं भाकरी खाऊ लागलो.

"हां. आता नीट हाय. तू उलटी घातली होतीस."

स्लाइडच्या चौकटीवर उलटसुलट कळायला खूण असते. ती बघायला गेलो, तर वाळवीनं नेमका तेवढाच कोपरा खाल्लेला. सदऱ्याच्या खिशावरूनही कळलं असतं, पण मला कुणी सदरा घातला नव्हता.

वास्तविक मी पक्का डावखुरा होतो. आईनं डाव्या हाताला फडकं बांधून बांधून मला उजवा केला आणि ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नाही. लग्नाच्या वेळी नांदेडच्या सोयऱ्यांनाही तिनं पत्ता लागू दिला नाही. बाबा तर आता नाहीत, म्हणजे आंबा वाचवायचा तर साक्षीदार एकच, आणि ती सुनेच्या शेजारी बसलेली. मी धीर करून म्हणालो, "आई, सांग की काकांना, मी डावरा होतो म्हणून."

बायको माझ्याकडं वळली.

"डावरे होता तुम्ही? आमच्याकडं कुणी बोललं न्हाई हे."

आवाज एकदम शांत होता, म्हणजे प्रकरण गंभीर. आईनं एकदा चादरीवरच्या आंब्याकडं पाहिलं, एकदा सुनेकडं, आणि पदर डोक्यावर नीट घेतला.

"भावजी, आंबा तुमचाच हाय. माझं लेकरू जन्मापासून उजवं हाय."

काका मनाचे मोठे. आंबे उतरवल्यावर त्यांनी एक पाटी भरून आमच्याकडं पाठवली. मी त्यातला एक माचून मऊ केला आणि तोंडाला लावला, तर समोर बसलेली आई खाकरली. पन्नाशी उलटलेल्या मी, घरात पाहुणं कुणी नसतानाही, आंबा निमूट उजव्या हातात घेतला.