अ‍ॅडमिरलची पितळी पाटी

पुंडलिक मेस्त्री देवगडचा. कुवेतच्या शर्क भागात, मासळी बाजारामागच्या फर्निचरच्या दुकानात एकोणीस वर्षं सुतारकाम करत होता. हात असा, की दोन फळ्या जोडल्या तर मधून कागद जाणार नाही.

त्या हिवाळ्यात बनेद अल-गारला राहणारा एक म्हातारा जर्मन इंजिनीयर काम घेऊन आला. त्याचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात जर्मन आरमारात अ‍ॅडमिरल होते. त्यांची पदकं, फोटो मांडायला त्याला सागवानी कपाट हवं होतं. पुंडलिकनं महिनाभर खपून ते केलं. शेवटी जर्मनानं कपाटावर बसवायला पितळी पाटी आणली.

"काय लिवलाहा?" पुंडलिकनं विचारलं.

मुकादम फारूक रत्नागिरीचा. त्यानं वाचून सांगितलं, "आधी पाणबुडीचा कप्तान, मग ताफ्याचा प्रमुख, मग अ‍ॅडमिरल. शत्रूची सतरा जहाजं बुडवली."

पुंडलिकचा हात थांबला. त्याचा आजा इंग्रजांच्या मालवाहू बोटीवर आगवाला होता, भट्टीत कोळसा टाकायचा. बेचाळीस साली आफ्रिकेजवळ जर्मन पाणबुडीनं ती बोट बुडवली. कुठल्या पाणबुडीनं, ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मेल्याची तिथीसुद्धा कळली नाही, म्हणून आजाचं पान आजही सर्वपित्रीलाच वाढतात.

"सतरा बोटींत माणसा किती होती, विचार त्येंका."

फारूकनं चाचरत इंग्रजीत विचारलं. जर्मन म्हणाला, तशी नोंद नाही. युद्ध होतं, आजोबांनी कर्तव्य केलं.

"माझो आजोय कामावरच होतो. पाटीर लिवा, माणसा बुडाली म्हणान. नायतर मी ती मारूचंय नाय."

"अरे, तुझा इकामा, इथं राहायचा परवाना, शेठच्या हातात आहे," फारूक हळूच म्हणाला. "राहायचंय ना इथं?"

"असूंदे. आजो त्येंचो, पाटी त्येंनीच मारूची." पुंडलिकनं स्क्रू-ड्रायव्हर जर्मनासमोर ठेवला.

जर्मन लालबुंद झाला. शेवटी पाटी फारूकनंच बसवली.

आठवड्याभरात शेठनं पुंडलिकला वफ्राच्या शेतांवर धाडलं, टोमॅटोची खोकी ठोकायला. एवढ्या कसबी माणसाला खोकी! तो गेला, उन्हात ठोकत राहिला, पण कोणापुढे हात जोडले नाहीत. फोनवर आईला, ठकूबाईला, सारं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरा केलंस, झिला."

करार संपत आला तेव्हा फारूक वफ्राला आला. माफीच्या दोन ओळी लिहून दे, शेठ परत दुकानात घेतो म्हणाला.

"चुकला काय ता सांग, मगे मागतंय."

फारूकनं बरोबर आणलेला कोरा कागद घडी करून खिशात घातला. पुढच्या महिन्यात पुंडलिक हत्यारांची पेटी घेऊन देवगडला आला. माफी काही त्यानं लिहिली नाही.