नळातलं पहिलं पाणी

बायको वारली, तेव्हापासून गिझर गार पाणी देतोय, असं मी मेकॅनिकला सांगितलं. त्यानं गिझर तापवला, नळ सोडला आणि धारेखाली हात धरून उभा राहिला. बादली भरत आली तेव्हा म्हणाला, "आजोबा, गिझर ठणठणीत आहे. पाइप लांबचा आहे, त्यातलं गार पाणी आधी जाऊ द्यायचं. आजवर काय करत होता?"

आजवर ही आधी धुण्याची बादली भरायची, मग मला हाक मारायची. मला वाटायचं, नळाला गरमच येतं. माणूस गेल्यावर त्याची कामं अशी एकेक कळत जातात.

आता ती बादली मीच भरतो. भरली की जरा थांबतो. हाक येत नाही. मग जातो अंघोळीला.