ताईची जपानी जत्रा

ताई गुरुवारी गेली.
आज रविवारी तिची जत्रा झाली.

दोन्ही वाक्यं लिहून परत वाचली. दोन्ही खरी आहेत. तरी मला काही होत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शुभदाताई, माझी मोठी बहीण. वरसे गावात आईबरोबर राहायची. लग्न केलं नाही. रोह्याच्या एका कंपनीत जपानी इंजिनिअर यायचे, त्यांची इंटरप्रिटर होती.

पस्तिशीत जपानी शिकायला घेतलं. का, तर म्हणे, "इंग्लिश काय, सगळ्यांनाच येतं गं."

मग तीच शिकवायला लागली. सुट्टीच्या दिवशी, घराच्या पडवीत. रोह्याच्या, कोलाडच्या, आसपासच्या वाड्यांवरच्या मुली.

आणि दर मार्चमध्ये पेणला शाळेचा हॉल घेऊन हारु मात्सुरी.
हारु म्हणजे वसंत. मात्सुरी म्हणजे जत्रा.

चेरीची फुलं कुठून आणणार? पण त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला गिरिपुष्प फुललेलं असतं, तसंच गुलाबी. त्याच्याच फांद्या लावायच्या.

जपानी बाहुल्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यात करून घेतलेल्या. पहिल्या वर्षी त्यातल्या राणी-बाहुलीचे डोळे गौरीसारखे टपोरे आले. मूर्तिकार दादा म्हणाले, "हाताला सवय नाय ओ ताई, देवाचेच डोळे येतात." ताई म्हणाली, राहू दे, छान दिसतेय.

खाडीकडच्या एक काकू मला विचारत होत्या, "कच्चा मासा खायाचा म्हणं? मंग चूल कशाला पेटवायची गो?"
ताईने त्यांच्या हातात ओनिगिरी ठेवला. भाताचा गोळा, आत सुकटीची चटणी. काकू खाऊन परत रांगेत.

असा सगळा प्रकार असायचा.

यंदा वेगळं होतं.
कंपनीत पूर्वी असलेले एक वयस्कर जपानी साहेब येणार होते. तिकडच्या वृद्धाश्रमांत काम शिकायला मुली निवडायला. मुलींनी स्टेजवर जपानीत बोलायचं आणि ते ऐकणार. ताईने वर्षभर त्यांच्या मागे लागून हे जमवलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी कागदी पंखे कापत बसली होती. आईला म्हणाली, "डोकं फार दुखतंय गं."
आडवी झाली. उठलीच नाही.
मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. चव्वेचाळीस वर्षांची होती.

शुक्रवारी सगळं उरकल्यावर मी ग्रुपवर मेसेज टाइप करत होते.

आईने विचारलं, "काय लिहितेस?"
"रविवारचा कार्यक्रम रद्द."
"का?"

काका म्हणाले, "वहिनी, घरात सुतक आहे. लोक काय म्हणतील?"

आई म्हणाली, "सुतक आपल्याला आहे. पोरींना नाही. तो माणूस परत कधी यायचा?"

मग भिंतीकडे तोंड करून झोपली.
मी मेसेज पुसला.

मी पेणलाच राहते, हॉलची किल्ली माझ्याकडे होती. सकाळी उघडला. मुली आधीच येऊन बसल्या होत्या. जुन्या सुती साड्यांचे शिवलेले युकाता, म्हणजे जपानी झगे, घालून. बॅनरच्या खाली ताईचा फोटो ठेवला, झेंडूचा हार घातला.

कुणीतरी चहा दिला. मी प्यायले असणार. कप रिकामा होता.

मी दाराशीच उभी राहिले.

साहेब आले, फोटोसमोर वाकले. बराच वेळ वाकलेलेच. मग माइक घेऊन बोलायला लागले आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं.
मराठीत सांगणार कोण? ते काम ताईचंच होतं.

कविता उठली.
कोलाडजवळच्या वाडीवरची. आईबाप मजुरीला जातात. ती स्वतः भातलावणीला जाऊन क्लासला यायची, नखांत चिखल. ताई म्हणायची, हिचा कान फार तयार आहे.

"मला येतंय तेवढं सांगते," म्हणाली.

साहेब एक वाक्य बोलायचे, थांबायचे. कविता सांगायची.
"ते म्हणतात, मी इथे नवीन होतो तवा मॅडमनी मला बाजारात नेलं."
"म्हणतात, मला एकटं वाटायचं. मॅडम रोज विचारायच्या, जेवलात का."

मग साहेब एक वाक्य बोलले आणि कविता अडली.
जपानीतच काहीतरी विचारलं तिने. साहेब तोच शब्द हळू म्हणाले. नाकुनारिमाशिता. तिला नाही कळला. त्यांनी फोटोकडे हात केला आणि डोळे मिटले.

कविताने फोटोकडे बघितलं.


मग म्हणाली, "मॅडम गेल्या, असं म्हणतायत."

आणि आमच्याकडे वळून,
"हा शब्द मॅडमनी आमाला शिकवला नव्हता."

सगळ्या मुली रडल्या. मूर्तिकार दादा बाहेर निघून गेले.
मी नाही रडले. मी दार धरून उभी होते.

कविताने डोळे पुसले नाहीत. साहेबांकडे वळून म्हणाली, पुढे बोला. जपानीत म्हणाली, पण ते मलासुद्धा कळलं.

त्यानंतर एकेक मुलगी स्टेजवर गेली, बोलली. जाताना साहेबांनी दोन नावं घेतली. एक कविता. पासपोर्ट काढायला सांगितलाय.

आईला फोन केला. सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.
"जेवल्या का सगळ्या?"
"हो."
"बरं."
फोन ठेवला.

आता घरी बसलेय. युकाता धुऊन वाळत टाकलेत. लोक भेटायला येतायत, बसतायत, जातायत. मी पाणी देतेय.

रडू कधी येतं ते कुणी सांगितलं तर बरं होईल.

ताई, जत्रा नीट पार पडली. मुली बोलल्या.
तू जा आता. आमच्या सगळ्यांचा नमस्कार.