मिस लव्हॉनची काही तक्रार नाही

कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात अर्ध्या लोकांनी लहानपणी लव्हॉन टिडवेलच्या हातची मॅकरोनी खाल्लेली. शाळेच्या स्वयंपाकघरात हयात घालवली बाईनं. मग नवरा गेला, घरभाडं आभाळाला भिडलं आणि सत्तरीला टेकलेली, शाळेतल्या पोरांसाठी कायमची 'मिस' राहिलेली मिस लव्हॉन आपल्या जुन्या व्हॅनमध्ये, चर्चच्या मागच्या आवारात राहायला आली. कुणी विचारलं, "कशा आहात?" की उत्तर ठरलेलं, "झकास! काही तक्रार नाही." आता आमच्याकडे सगळेच असं म्हणतात, तशी रीतच आहे. पण बाकीचे निदान डॉक्टरला तरी खरं सांगतात हो! ही बया डॉक्टरलाही तेच सांगायची.

तिला साखरेचं दुखणं. इन्सुलिन थंड ठेवावं लागतं आणि व्हॅनमध्ये कुठला आलाय फ्रिज? एक बर्फाची पेटी होती. गेल्या उन्हाळ्यात बर्फाचं पाणी झालं, औषध नासलं आणि बाई दोनदा बेशुद्ध होऊन दवाखान्यात जाऊन पडली. दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई भडकल्याच. "अहो, तुम्हाला औषधापेक्षा घर हवंय, घर!"

आणि नशीब बघा, सरकारी आरोग्य विम्यातून अशा आजारी माणसांना काही महिने भाडं द्यायची सोय नुकतीच निघाली होती. पुन्हापुन्हा दवाखान्यातल्या खाटेवर घेण्यापेक्षा खोली स्वस्त पडते, एवढं कुणाच्या तरी डोक्यात शिरलं एकदाचं.

शेजारच्या तंबूत क्लीओफस राहायचा. जन्माचा टवाळ माणूस.

"घर हे औषध? मग जेवणाआधी घ्यायचं की जेवल्यावर?"

"गप रे मेल्या."

"आणि घ्यायच्या आधी नीट हलवायचं का?"

मिस लव्हॉननं त्याला चप्पल फेकून मारली. त्यानं ती इमानदारीत परत आणून दिली.

विम्याकडचं सगळं येसेनिया ही दवाखान्यातली मुलगी बघत होती. तिचा फोन आला. "मिस लव्हॉन, गुरुवारी पाहणीला विम्याचे साहेब येतील. रोज राहता तशाच राहा. काही म्हणजे काही करू नका हं."

काही करू नका म्हणे! घरी पाहुणा येणार आणि काही करायचं नाही? मिस लव्हॉनची आई ओक्लाहोमाची. माणूस मेलं तरी चालेल, पण येणाऱ्याला घर घाण दिसता कामा नये, या शिस्तीत बाई वाढलेली. तिनं व्हॅन आतून-बाहेरून घासली. खिडक्यांना पडदे शिवले. दारात पायपुसणं टाकलं, चर्चमधून दोन खुर्च्या आणि जेरेनियमची कुंडी मागून आणली. वर चर्चच्या भट्टीत पीचचा कॉबलर, म्हणजे फळांचा गोड केकच म्हणा, भाजून घेतला.

क्लीओफसनं कपाळावर हात मारला. "अगं बाई, घर नसलेल्या माणसाला बघायला येतायत ते! जरा रडका चेहरा कर, चार डबडी पसर. हवं तर माझी देतो."

"पाहुण्यांपुढे रडू? माझी आई थडग्यातून उठून कान उपटेल माझा."

गुरुवारी येसेनिया साहेबांना घेऊन आली. मिस्टर हॅलोरन म्हणजे उंच, गोरा, घामानं निथळलेला माणूस. पडदे बघून येसेनियाचा चेहरा पडला. साहेब मात्र पायपुसण्यावर बूट पुसून आत आले.

"छान ठेवलंय हो, मॅडम. कशा आहात?"

"झकास! काही तक्रार नाही."

"झोप लागते?"

"राणीसारखी."

येसेनिया मागून डोळे वटारत होती. मिस लव्हॉनला वाटलं, पोरीच्या डोळ्यात काही गेलं.

"पाय सुजलेले दिसतात."

"अहो, ते होय? आमच्या घराण्यात सगळ्यांचे असेच. कॉबलर घ्या ना."

"आम्हाला घेता येत नाही, मॅडम. नियम आहे." साहेबांनी तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं, मान हलवली. "तुमचं तर उत्तम चाललंय. याहून वाईट हालात माणसं आहेत. त्यांना आधी द्यायला हवं, नाही का?"

"हो तर! आधी त्यांनाच द्या," मिस लव्हॉन म्हणाली.

बाहेर क्लीओफसनं असा हंबरडा फोडला की चर्चवरची कबुतरं उडाली. "खोटं बोलतेय ती, साहेब! वर्षभर बसून झोपतेय! आडवं झालं की श्वास कोंडतो तिचा!"

"क्लीओफस! पाहुण्यांसमोर माझी दुखणी काढू नकोस!"

साहेब ओशाळून उतरले आणि गाडीकडे निघाले. येसेनिया त्यांच्यामागे काहीतरी विनवत धावली. तेवढ्यात मिस लव्हॉनच्या लक्षात आलं, पाहुणा रिकाम्या हातानं चाललाय. तिनं कॉबलरचं भांडं फडक्यात बांधलं आणि त्या सुजल्या पायांनी भर उन्हात डांबरावरून निघाली. "अहो, थांबा! घरच्यांसाठी तरी न्या!"

गाडीपाशी पोचली, भांडं साहेबांच्या हातात कोंबलं आणि तिथेच मटकन खाली बसली. छाती नुसती भात्यासारखी वरखाली होत होती. येसेनियानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. क्लीओफस पाणी घेऊन धावत आला. साहेब नियमाविरुद्धचं भांडं धरून तसेच उभे. खाली ठेवावं तर डांबर वितळलेलं, परत द्यावं तर कुणाला?

बऱ्याच वेळानं तिचा श्वास जागेवर आला. साहेब भांड्यासकट गुडघ्यावर बसले. या खेपेला "कशा आहात" म्हणाले नाहीत ते. हळूच विचारलं, "कसली भीती वाटते, मॅडम?"

मिस लव्हॉननं एकदा व्हॅनकडे पाहिलं, पडद्यांकडे पाहिलं.

"उन्हाळ्याची," ती म्हणाली. "औषध परत नासेल. मी त्या व्हॅनच्या डब्यात मरून पडेन आणि वास सुटेपर्यंत कुणाला कळायचं नाही." आणि ती रडली. सगळ्या पाहुण्यांसमोर, नाक ओढत, लहान पोरीसारखी रडली. क्लीओफससारखा टवाळ, पण तोही उन्हाच्या बाजूला सरकून तिच्यावर सावली धरून उभा राहिला.

साहेबांनी भांडं येसेनियाकडे दिलं, खिशातून पेन काढलं.

"खोली कितव्या मजल्यावर चालेल?"

"कुठलीही—" मिस लव्हॉन सवयीनं म्हणाली आणि थांबली. दोन्ही हातांनी पोटऱ्या धरल्या.

"खालचाच मजला द्या हो. पाय फार दुखतात माझे."