बिनचूकरावांचं खोडलेलं वाक्य

बावीस वर्षं त्याने वर्तमानपत्राचं अर्थपान सांभाळलं आणि एकदाही 'चूक दुरुस्ती'ची चौकट छापावी लागली नाही, म्हणून कचेरीत त्याला बिनचूकराव म्हणत. तोंडाने तो "पुरे हो" म्हणायचा, पण मनातून सुखावायचा. दुसरा ताठा भेटवस्तूंचा. नव्या वर्षाला बँकांकडून घड्याळं, पेनं, चामडी पाकिटं यायची आणि तो सगळं परत पाठवायचा, पोच घेऊन.

"आपण कुणाच्या पेनाने लिहीत नाही," असं बायकोला ऐकवायचा.

"पेन नको, पण घड्याळ तरी ठेवायचं. आपलं बंद पडलंय," बायको म्हणायची.

बिनचूकपणाचं गुपित अगदी साधं होतं. ज्या बँकेबद्दल बातमी, तिच्याच जनसंपर्क अधिकाऱ्याकडे तो ती छापण्याआधी पाठवायचा. "आकडे तेवढे बघून द्या." सुरुवातीला खरंच आकडेच दुरुस्त होऊन यायचे. मग एखादं विशेषण बदलून यायला लागलं, मग मथळा. सगळ्यात मोठ्या बँकेचा अधिकारी तर इतका गोड, की तासाभरात मजकूर परत, वर "साहेब, तुमच्यासारखं लिहिणारा दुसरा नाही." चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात तो हाच प्रकार. पण घड्याळं परत करणाऱ्याला तो दिसेल कसा?

पुढे त्या बँकेने रोखे काढले. ठेवीपेक्षा दोन टक्के जास्त व्याज, आणि विक्री ठेवींच्याच खिडकीवर. त्याने चाळीस पानांची नियमावली अक्षर न् अक्षर वाचली. आळशी नव्हता, हे कबूल करायलाच हवं. शेवटी लिहिलं, "ही ठेव नव्हे. बँक अडचणीत आली तर मुद्दलही परत मिळणार नाही."

अधिकाऱ्याचा फोन आला. "चूक काहीच नाही, साहेब. पण लोक उगाच बिथरतील. आणि नियमावलीत आहेच की ते."

"नियमावली कोण वाचतं?"

"कुणी नाही. तुमचं मात्र सगळे वाचतात." अधिकारी हसला. "बघा बुवा. आमच्या अध्यक्षांची मुलाखत पहिली तुम्हालाच द्यावी म्हणतोय."

त्याने वाक्य खोडलं. पानावर जागा नव्हती, असं स्वतःला समजावलं. जागा किती हवी होती? दोन ओळी!

दीड वर्षात बँक बुडाली आणि रोख्यांचे रद्दीचे कागद झाले. ताईचा निरोप आला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. पस्तीस वर्षं इस्पितळात परिचारिका होती. रात्रपाळ्या करून तिनेच त्याला शिकवलं. निवृत्तीचा बहुतेक पैसा तिने रोख्यांत घातला होता, त्याला न विचारता. विचारायचं कशाला? त्याचं छापलेलं समोर होतं.

शिव्या खायच्या तयारीनेच तो गेला. तर ताईने चहा टाकला. "तोंड पाडू नकोस. तुलाही फसवलं मेल्यांनी. तुला कळलं असतं तर तू लिहिलं नसतंस का?"

इथे बोलायला हवं होतं. त्याने बिस्कीट खाल्लं.

ताई गप्प बसणाऱ्यातली नव्हे. ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्यात सांगत सुटली, "माझा भाऊ एवढा जाणकार, त्यालाही पत्ता लागू दिला नाही!" रविवारी शाळेच्या सभागृहात त्या सगळ्यांची सभा होती. त्यांचा खटला लढणाऱ्या वकिलाने हे ऐकलं आणि म्हणाला, त्यांनाच बोलू द्या. ताईने परस्पर हो म्हटलं.

शनिवारी दुपारी त्याने कचेरीतून त्या बातमीचा छापण्याआधीचा मसुदा खोडाखोडीसकट काढून घेतला आणि ताईच्या टेबलावर ठेवला. तिने चष्मा लावला. रोग्याचा तक्ता वाचावा तशी ती ओळींवरून बोट फिरवत गेली. तांबड्या रेघेशी बोट थांबलं.

"हे कुणी खोडलं?"

"मी."

"बँकेने खोडलं असेल."

"बातमी छापण्याआधी मी त्यांच्याकडे पाठवतो, पहिल्यापासून. त्यांनी सुचवलं. खोडलं मी."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो, ताई."

"आणि परवा इथे बसून चहा प्यायलास."

त्याने मान हलवली.

"औषध कंपनीच्या माणसाला आम्ही वॉर्डाच्या दारात उभं करायचो," ती म्हणाली. "रोग्याचा कागद त्याच्या हातात दिला असता, तर मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. तू बावीस वर्षं देत होतास. आणि घड्याळं परत करत होतास, म्हणे!"

त्याला वाटलं, आता रडेल. रडली असती तर बरं होतं. तिने कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली.

"उद्या हे वाच. भाषण नको. आणि माझा भाऊ म्हणून ओळख मी करून देणार नाही, वकील देतील."

सभागृह तुडुंब भरलं होतं. तो उभा राहिला, वाक्य वाचलं, आणि म्हणाला, "हे मला माहीत होतं. बँकेच्या सांगण्यावरून मी खोडलं."

ताई पहिल्या रांगेत होती. मांडीवरच्या पिशवीचे बंद सोडत होती, बांधत होती.

"ऐकू आलं नाही!" मागून एक म्हातारबुवा ओरडले. "मोठ्याने, साहेब!"

त्याला ते पुन्हा वाचावं लागलं.