किनुएच्या घरचा नात्तो

चढ काही संपेना. किनुएने फुलांची जुडी या हातातून त्या हातात घेतली आणि वाटेतल्या दगडावर टेकली.

"तू हो पुढे, सदाए. माझा भाता बंद पडलाय."

"पुढे जाऊन काय करू? लेक तुझा. मी एकटी दिसले तर रुसून बसेल," शेजारीण सदाए म्हणाली आणि तिने जीभ चावली. किनुए मात्र हसली. शुनच्या थडग्यावर दर वर्षी पितरांच्या दिवसांत दोघी अशाच पायी जात.

किनुए जपानातल्या मितो शहराजवळच्या या गावात सून म्हणून आली, तेव्हा सासरी नात्तोचा धंदा होता. सोयाबीन वाफवायचं, पेंढ्याच्या पुड्यात बांधून उबेला ठेवायचं, चिकट तार सुटली की माल तयार. सासू उमेनोच्या हातचा नात्तो लांबलांबून लोक न्यायला येत.

शुन रांगत होता तेव्हा त्याला ताप चढला. "शहाणपणाचा ताप गं. मूल बुद्धी धरतंय," उमेनो म्हणाली. इकडे तान्ह्यांच्या तापाला तेच नाव आहे. तिने डॉक्टरकडे जाऊ दिलं नाही. पुढे डोळे लाल झाले, ओठ फुटले, दंडावरची क्षयाच्या लशीची खूण लालभडक झाली. अखेर डॉक्टरांनी ती खूण पाहिली आणि ओळखलं. कावासाकी, लहान मुलांचा आजार.

ताप गेला, पण हृदयाला रक्त पुरवणारी नळी एका जागी फुग्यासारखी फुगून राहिली. तिथे रक्त साकळू नये म्हणून रोज गोळी लागली. आणि पथ्य एकच, नात्तो चमचाभरही नाही. त्याने गोळीचा गुणच मारला जातो.

"नात्तोवाल्याच्या घरचा नातू आणि नात्तो वर्ज्य? काहीतरीच!" उमेनो म्हणाली.

किनुएनेही नात्तो सोडला. तरी शुनच्या रक्ताची तपासणी बिघडलेली यायची. "घरात कुणी देत नाही ना?" डॉक्टर विचारायचे. किनुएला राग यायचा. "पोराच्या जिवावर कोण उठेल आमच्याकडे?"

तिसरीत असताना शुन शाळेच्या मैदानात छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही.

अंत्यविधीनंतरच्या जेवणात उमेनो बायकांना डोळे पुसत सांगत होती, "पोर आशा ठेवून नाही गेलं गं. मी रोज सूपात वाटून घालायचे, तार दिसायची नाही. आईला सांगू नको म्हटलं, तर गुणी पोर, नाही सांगितलं."

किनुए वाढत होती. तिने तबक खाली ठेवलं, पेले सरळ केले आणि पुढच्या पंगतीला गेली.

नवऱ्याने परगावी नोकरी धरली. किनुए राहिली. आता उमेनो अंथरुणाला खिळली आहे, आठवण गेली आहे. रोज सकाळी ती विचारते, "शुन जेवला का?" किनुए वाडगा ठेवते आणि सांगते, "मेला. तुमच्या सूपाने मेला." म्हातारी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हंबरडा फोडते. दुपारपर्यंत विसरते.

पलीकडे सदाए देवापुढे उदबत्ती लावून बसलेली असते. आवाज थांबेस्तोवर तिच्या तोंडून मंत्र फुटत नाही. एकदा तिने म्हणून पाहिलं होतं, "शाळेत गेलाय म्हण ना गं. बुद्ध बघतोय."

"बघू दे. तेव्हाही बघतच होता."

थडग्यावर पोचल्यावर किनुएने दगडावर पाणी ओतलं, फुलं लावली. "सोमवारी मला ऑपरेशनला नेतायत. पोटात गाठ आहे. म्हातारीकडे बघशील?"

"हे काय विचारणं झालं? भात भरवीन, अंग पुसीन."

"ते करायला बाई येणार आहे. तुला दुसरंच सांगतेय. सकाळी ती शुनचं विचारेल."

सदाए उदबत्ती पेटवत राहिली. ती केव्हाच पेटली होती.

"तू शाळेत गेलाय म्हणशील, मी ओळखते तुला. तसं म्हणू नकोस. मी सांगते तसंच सांग. आणि तिचं रडणं संपेपर्यंत तिथेच बस."